खापर कोणावर फोडायचं? नापसंतीच्या मताची अडीच हजार वर्षं



आज ज्या बटणाबद्दल बोलायचंय ते तुमच्या फोनवर आहेच. उलटा अंगठा किंवा खाली जाणारा बाण. कुठे त्याला डिसलाइक म्हणतात, कुठे डाउनव्होट. प्रश्न तसा साधा आहे. चार लोक चर्चेला जमतात तिथे ‘हे मला पटलं’ असं सांगायची सोय असतेच. पण ‘हे मला नको’ असं सांगायची, आणि ते मोजायची, सोय असावी का?

यावर लोक तावातावानं भांडतात. एक बाजू म्हणते, ही सोय नसेल तर थापा आणि फालतू गोष्टी वर तरंगत राहतात. दुसरी म्हणते, ही सोय दिली की झुंडी तयार होतात. नवखा माणूस एकदा मार खातो आणि पुन्हा तोंड उघडत नाही. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. म्हणून म्हटलं, जरा मागे जाऊन बघू. कारण हा प्रयोग एका शहरानं फोन, वीज, कागद यातलं काही नसताना करून पाहिला. साधारण सत्तर वर्षं चालवला आणि मग सोडूनही दिला. चला, अथेन्सला जाऊ.

फुटक्या मडक्याचं मत

इसवीसनपूर्व ५१० मध्ये अथेन्सनं आपला हुकूमशहा हिप्पियास याला हाकललं. दोन-तीन वर्षांत क्लेइस्थेनिस नावाच्या पुढाऱ्यानं राज्यकारभार नव्यानं बांधला. आज आपण लोकशाही म्हणतो तिची ही सुरुवात. पण भीती होती की पुन्हा एखादा माणूस इतका मोठा होईल की सगळं गिळून टाकेल. तोपर्यंत पुढाऱ्यांची भांडणं तलवारीनं सुटायची. हरलेला गट परागंदा व्हायचा, नाहीतर मरायचा.

यावर अथेन्सनं एक उपाय काढला. वर्षातून एकदा लोकसभेत विचारायचं, ‘यंदा कोणाला बाहेर काढायचं आहे का?’ कोणाला ते नाही विचारायचं, फक्त काढायचं का, एवढंच. हो ठरलं, तर साधारण दोन महिन्यांनी बाजारचौकात मतदान. प्रत्येक नागरिक फुटक्या मडक्याचा तुकडा घेऊन यायचा. त्यावर एक नाव कोरलेलं. चौकाला कुंपण, दहा गणांसाठी दहा दारं, आणि आत जाताना अक्षरं खालच्या बाजूला, म्हणजे शेजाऱ्याला दिसू नयेत.

एकूण मतं ६००० भरली नाहीत तर सगळं रद्द. भरली, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त खापरांवर, त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं. दहा वर्षांसाठी. ना आरोप, ना खटला, ना भाषणं.

त्या तुकड्याला ग्रीकमध्ये म्हणायचे ‘ऑस्ट्राकॉन’. त्यावरूनच या प्रथेचं इंग्रजी नाव आलं, ऑस्ट्रसिझम. आपल्या मराठीत तर दोष द्यायला ‘खापर फोडणं’च म्हणतात. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण योगायोग मजेदार आहे.

एक लक्षात ठेवा. ‘नागरिक’ म्हणजे फक्त सज्ञान पुरुष. बायका, गुलाम, बाहेरून येऊन स्थायिक झालेले लोक, यांच्या हातात खापर नव्हतं.

‘न्यायी’ म्हटलेलं ऐकून कंटाळा आला

पहिलं खापर इसवीसनपूर्व ४८७ मध्ये पडलं, जुन्या हुकूमशहाच्या एका नातेवाइकावर. पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट ४८२ ची. अरिस्टायडिस नावाचा पुढारी इतका सरळ की लोक त्याला ‘न्यायी’ म्हणायचे.

प्लुटार्क हा लेखक पाच-सहाशे वर्षांनी ही गोष्ट सांगतो. त्यामुळे ती जशीच्या तशी घडली असं धरू नका, पण ऐका. मतदानाच्या दिवशी एका खेडुताला लिहिता येत नव्हतं. त्यानं शेजारच्या माणसाला खापर दिलं आणि सांगितलं, यावर अरिस्टायडिसचं नाव लिही. तो शेजारचा माणूस म्हणजे स्वतः अरिस्टायडिस! त्यानं विचारलं, त्यानं तुझं काय वाईट केलंय? खेडूत म्हणाला, काही नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण जिकडेतिकडे ‘न्यायी, न्यायी’ ऐकून वैताग आलाय. अरिस्टायडिसनं मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहून दिलं.

आपल्याला हा माणूस ओळखीचा वाटतो. पोस्ट न वाचताच खालचा बाण दाबणारा.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्या काळात अथेन्सपुढे एक मोठा प्रश्न होता. लॉरियनच्या खाणीत भरपूर चांदी सापडली होती. थेमिस्टोक्लिस म्हणत होता, पैसा वाटू नका, लढाऊ जहाजं बांधा. अरिस्टायडिस त्याच्या विरोधात होता असं मानलं जातं. खापरांनी तिढा सोडवला. अरिस्टायडिस गेला, आरमार उभं राहिलं. दोन वर्षांत इराणचा सम्राट झर्क्सीस चालून आला, तेव्हा अथेन्सनं हद्दपार लोकांना परत बोलावलं. अरिस्टायडिस आला, सलामिसच्या लढाईत थेमिस्टोक्लिसच्या बाजूनं उभा राहिला आणि पुढच्या वर्षी प्लाटियाला अथेन्सच्या सैन्याचं नेतृत्व त्यानंच केलं.

हे शक्य झालं, कारण या शिक्षेला मर्यादा होती. हद्दपार माणसाची जमीन त्याचीच राहायची, नागरिकत्व राहायचं, घरच्यांना कोणी हात लावायचं नाही. मुदत संपली की तो पूर्वीसारखाच नागरिक. लोकांनी त्याला नाकारलं होतं, संपवलं नव्हतं. माझ्या मते आजच्या भागातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

एकशे नव्वद खापरं, चौदा हात

आता झुंडीकडे वळू. १९३७ मध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञांना ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापरं सापडली. सगळ्यांवर एकच नाव, थेमिस्टोक्लिस. अक्षरं तपासली तर लिहिणारे हात जेमतेम १४. म्हणजे कोणीतरी बसून आधीच गठ्ठा तयार करून ठेवला होता, वाटायला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची सोय म्हणा, नाहीतर विरोधी गटाची मोहीम म्हणा. पक्षाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांनी जाऊन डिसलाइक करा’ असा मेसेज येतो ना, त्याचे हे पूर्वज.

आणि कमेंट्स? त्याही होत्या. केरामेइकॉस भागात १९६०च्या दशकात जर्मन उत्खननात साडेआठ हजारांच्या आसपास खापरं मिळाली. त्यात मेगाक्लिस नावाच्या बड्या घरच्या माणसावर लोकांनी नुसतं नाव लिहून भागवलेलं नाही. कोणी त्याच्या घोडे पाळण्याच्या श्रीमंती शौकावर टोमणा मारलाय, कोणी पैशाच्या हव्यासावर. काल्लियास नावाच्या एकाला ‘इराणी’ म्हटलंय आणि एका खापरावर चक्क इराणी तिरंदाजाचं चित्र काढलंय. त्या काळी देशद्रोही म्हणायचा हाच प्रकार.

तरीही ही प्रथा टिकली. मग मेली कशानं? तर चलाखीनं. इसवीसनपूर्व ४१६ च्या आसपास निकियास आणि अल्किबायडिस या दोन पुढाऱ्यांत जोरदार भांडण होतं. निकियास सावध, अल्किबायडिस धाडसी. युद्ध करायचं की नाही, हा खरा प्रश्न. दोघांपैकी एक जाणार हे नक्की होतं. म्हणून दोघांनी गुपचूप हातमिळवणी केली आणि आपापल्या माणसांना तिसऱ्याच, हायपरबोलस नावाच्या पुढाऱ्याचं नाव लिहायला लावलं. हायपरबोलस गेला. लोक आधी हसले, मग चिडले. त्यानंतर अथेन्सनं ही प्रथा पुन्हा वापरली नाही.

आणि तो न सुटलेला तिढा? ४१५ मध्ये अथेन्सनं सिसिलीवर मोठी स्वारी काढली आणि सेनापती म्हणून या दोघांनाही नेमलं. दोन वर्षांत तिथे सगळं सैन्य आणि आरमार बुडालं.

आपल्याकडे काय झालं?

ऑस्ट्रसिझमचं मराठी भाषांतर करताना पटकन ‘वाळीत टाकणं’ असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. वाळीत टाकताना गुप्त मतदान नसतं. मुदत नसते. किमान ६००० तर सोडाच, चार पंच पुरतात. विहीर बंद, किराणा बंद, लग्नकार्यात बोलावणं बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. आणि हे घरातल्या पोरांनाही भोगावं लागतं. याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरोधी स्वतंत्र कायदा करावा लागला. जुलै २०१७ पासून तो लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. नकाराला कुंपण नसलं की त्याचं काय होतं, ते इथे दिसतं.

दुसरं टोक म्हणजे नोटा. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण मतदान यंत्रावर आलं. आधीही मत नाकारता यायचं, पण केंद्रावरच्या नोंदवहीत तसं लिहून सही करावी लागायची, मग गुप्तता कुठली? २०१९ च्या विधानसभेत लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर आला, २७ हजारांहून जास्त मतं. पलूस-कडेगावमध्येही दुसरा. पण विधानसभेत नोटा पहिला आला तरी काही होत नाही; त्याच्या खालोखालचा उमेदवार निवडून येतो. स्थानिक निवडणुकांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये ठरवलं की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यायची.

आता परत फोनकडे

बटण बनवणाऱ्यांनाही हे सगळं पुन्हा शिकावं लागलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी स्लॅशडॉट या साइटनं निवडक सदस्यांना मोजकेच गुण दिले आणि तेही तीन दिवसांत संपणारे. जपून वापरा! २००५ मध्ये आलेल्या रेडिटनं वरचा आणि खालचा, दोन्ही बाण सगळ्यांना देऊन टाकले. २००८ च्या स्टॅक ओव्हरफ्लोनं किंमत लावली. कोणाच्या उत्तराला खालचं मत द्याल तर त्याचे दोन गुण जातात, पण तुमचाही एक जातो.

यूट्यूबवर मात्र डिसलाइक फुकट होतं. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सडक २’चा ट्रेलर आला आणि डिसलाइक एक कोटीच्या वर गेले. त्यातले बरेचसे त्या ट्रेलरला नव्हतेच, सिनेसृष्टीतल्या घराणेशाहीवरच्या रागाला होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबनं आकडा लपवला. ठरवून होणारे हल्ले थांबवायचे आहेत, असं कारण दिलं. बटण राहिलं, आकडा फक्त व्हिडिओवाल्याला दिसतो.

यावरचे दोन अभ्यास मला फार बोलके वाटतात. २०१३ मध्ये ‘सायन्स’ मासिकात आलेल्या प्रयोगात एका साइटवरच्या लाखाहून जास्त कमेंट्सपैकी काहींना मुद्दाम पहिलं मत खोटं दिलं गेलं. खोट्या वरच्या मतानं शेवटचा गुणांक सरासरी २५ टक्के फुगला. खोटं खालचं मत मात्र इतर वाचकांनी भरून काढलं. म्हणजे झुंड कौतुकाचीही असते, किंबहुना तीच जास्त फसवते. दुसरा अभ्यास २०१४ चा, चार मोठ्या बातम्यांच्या साइट्सवरचा. ज्यांना खालची मतं पडली ते गप्प बसले नाहीत. उलट जास्त लिहू लागले, आधीपेक्षा वाईट लिहू लागले, आणि इतरांना जास्त खालची मतं देऊ लागले. म्हणजे मत पडतं पोस्टवर, पण ते लागतं माणसाला.

तर माझं मत. खालचा बाण असावा. तो काढला की राग जात नाही, तो कमेंटमध्ये शिवी होऊन उतरतो, आणि खोटी माहिती टाळ्यांवर वर जात राहते. पण त्याला अथेन्ससारखं कुंपण हवं. तो फुकट नसावा, देणाऱ्याचंही थोडं काही जावं. एका बैठकीत शंभर वेळा दाबता येऊ नये. आणि त्यानं पोस्ट खाली जावी, माणूस नाही. उद्या त्याच माणसानं चांगलं लिहिलं तर त्याला अरिस्टायडिससारखं परत येता आलं पाहिजे. जिथे ही कुंपणं घालायची तयारी नाही, तिथे बाण न दिलेलाच बरा. अथेन्सनंही शेवटी तो वापरणं सोडूनच दिलं होतं.

तुम्हाला हे पटलं नसेल तर जरूर सांगा. फक्त उलटा अंगठा नको, सोबत का पटलं नाही ते दोन ओळी लिहा. भेटू पुढच्या भागात.