गृहशिक्षणाचा अभ्यासक्रम व अध्ययन साहित्य (महाराष्ट्र)

गृहशिक्षण (होमस्कूलिंग) म्हणजे मुलांना नियमित शाळेत न पाठवता पालकांनी घरी किंवा पालकांच्या देखरेखीखाली दिलेले शिक्षण होय. अशा शिक्षणात काय शिकायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे, त्यासाठी कोणती पुस्तके व साधने वापरायची आणि शिकलेल्याचे मूल्यमापन कसे करायचे, हे शाळेऐवजी कुटुंब ठरवते. महाराष्ट्रात प्राथमिक स्तरासाठी मराठी भाषेतील साहित्य विपुल व बहुतांशी अल्प किमतीत किंवा विनामूल्य उपलब्ध आहे. त्यामुळे येथे अभ्यासक्रमाची निवड साहित्याच्या उपलब्धतेपेक्षा दहावी व बारावीचे प्रमाणपत्र कोणत्या मंडळाकडून घ्यायचे, या प्रश्नावर अधिक अवलंबून असते.

संज्ञा व व्याप्ती

गृहशिक्षणाचे स्थूलमानाने तीन प्रकार केले जातात. पहिल्या प्रकारात एखाद्या मंडळाची पाठ्यपुस्तके घेऊन शाळेचाच क्रम घरी पाळला जातो. दुसऱ्या प्रकारात पायाभूत विषयांसाठी पाठ्यपुस्तक व इतर विषयांसाठी प्रकल्प, प्रवास, वाचन आणि छंद असा मिश्र मार्ग स्वीकारला जातो. तिसऱ्या प्रकारात पूर्वनियोजित अभ्यासक्रम नसतो. मुलाच्या कुतूहलानुसार विषय ठरतात. यास अनस्कूलिंग असे म्हटले जाते. शाळेत जाणाऱ्या मुलाचा घरचा अभ्यास किंवा खाजगी शिकवणी यांचा समावेश गृहशिक्षणात होत नाही.

पार्श्वभूमी

मुलींसाठी शाळा नव्हत्या किंवा त्यांना शाळेत पाठविण्यास समाजाची मान्यता नव्हती, अशा काळात महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांचे शिक्षण घरीच झाले. सावित्रीबाई फुले यांना जोतीराव फुले यांनी, आनंदीबाई जोशी यांना गोपाळराव जोशी यांनी, तर रमाबाई रानडे यांना महादेव गोविंद रानडे यांनी घरी शिकविले. पंडिता रमाबाई यांना संस्कृतचे शिक्षण आई लक्ष्मीबाई व वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडून मिळाले. हे गृहशिक्षण शाळेला पर्याय म्हणून निवडलेले नव्हते, तर शाळेच्या अभावातून आलेले होते.

शाळा उपलब्ध असूनही घरी शिकविण्याचा आधुनिक प्रवाह महाराष्ट्रात प्रामुख्याने पुणे व मुंबई या शहरांत दिसतो. ‘स्वशिक्षण’ ही गृहशिक्षण करणाऱ्या भारतीय पालकांची संघटना आहे. मार्च २०२० मध्ये कोविड-१९ साथीमुळे शाळा बंद झाल्यानंतर राज्यातील जवळजवळ सर्वच पालकांना काही काळ घरी शिकविण्याचा अनुभव आला. त्या काळात तयार झालेले बरेचसे दृक्‌श्राव्य साहित्य पुढे गृहशिक्षणासाठीही उपयोगी ठरले.

कायदेशीर स्थिती

२००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद २१-क समाविष्ट करण्यात आला. त्यास अनुसरून केलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १० नुसार ६ ते १४ वयोगटातील पाल्यास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. अधिनियमात गृहशिक्षणाला स्पष्ट परवानगी नाही. तसेच मुलास शाळेत न घालणाऱ्या पालकासाठी शिक्षेची तरतूदही नाही. परिणामी गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबांसाठी नोंदणी, तपासणी किंवा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम अशी कोणतीही स्वतंत्र व्यवस्था नाही.

याच अधिनियमाच्या कलम ४ नुसार शाळेत कधीही न गेलेल्या किंवा प्राथमिक शिक्षण पूर्ण न केलेल्या मुलास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला १४ वर्षे वयापर्यंत शाळेत परतण्याचा मार्ग त्यामुळे खुला राहतो.

अभ्यासक्रमाची निवड

अभ्यासक्रम निवडताना पुढील बाबी विचारात घेतल्या जातात :

माध्यम : घरात बोलली जाणारी भाषा हे प्रारंभिक वाचन-लेखनाचे सर्वांत सोपे माध्यम मानले जाते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे, अशी शिफारस केली आहे.

अंतिम परीक्षा : राज्य मंडळ, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आणि केंब्रिज यांसारखी आंतरराष्ट्रीय मंडळे यांचे विषय, परीक्षापद्धती व शुल्क यांत मोठा फरक आहे. सातवी-आठवीच्या सुमारास हा निर्णय झाल्यास पुढील अभ्यासाची आखणी सुकर होते.

परतीची शक्यता : मूल पुन्हा शाळेत जाण्याची शक्यता असल्यास राज्य मंडळाच्या इयत्तावार पाठ्यपुस्तकांशी समांतर राहणे सोयीचे ठरते.

पालकांचा वेळ व खर्च : तयार संच महाग असतात, मात्र त्यांना पूर्वतयारी कमी लागते. विनामूल्य साहित्य एकत्र करून शिकविताना खर्च कमी होतो, परंतु पालकाचा वेळ अधिक जातो.

इयत्तेनुसार अपेक्षित क्षमता समजून घेण्यासाठी ‘अध्ययन निष्पत्ती’ उपयुक्त असतात. त्या राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रारंभी छापलेल्या असतात. पाठ्यपुस्तकातील प्रत्येक पाठ न घेता केवळ निष्पत्ती समोर ठेवून स्वतःचे पाठ रचण्याची पद्धतही अनेक पालक अवलंबतात.

अध्ययन साहित्य

पाठ्यपुस्तके

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ, अर्थात बालभारती, या संस्थेची स्थापना २७ जानेवारी १९६७ रोजी पुणे येथे झाली. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठीसह अनेक माध्यमांत प्रकाशित होतात. ती भांडारांतून व पुस्तकविक्रेत्यांकडून विकत मिळतात. तसेच संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. तिसरी ते पाचवीसाठी विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र व इतिहास या विषयांची गुंफण ‘परिसर अभ्यास’ या विषयात केलेली असून चौथीच्या दुसऱ्या भागात शिवचरित्र आहे. अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत असल्याने जुनी पुस्तके घेताना आवृत्तीचे वर्ष पाहणे आवश्यक ठरते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची पुस्तकेही विनामूल्य उपलब्ध आहेत, मात्र ती मुख्यतः हिंदी, इंग्रजी व उर्दू माध्यमांत आहेत.

गणित व विज्ञान

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मुंबई या संस्थेने प्राथमिक विज्ञानासाठी कृतींवर आधारित पुस्तकमाला तयार केली आहे. तीत मुलांनी निरीक्षण करणे, चित्र काढणे, मोजणे आणि प्रश्न विचारणे यांवर भर आहे. मुंबईतील ‘नवनिर्मिती’ या संस्थेने गणिताचे हाताळता येण्याजोगे संच विकसित केले. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शास्त्रीय खेळणी बनविण्याच्या अनेक कृती प्रसिद्ध केल्या असून त्यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके विनामूल्य वाचता येतात. पुण्यातील आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री पुरस्कार मिळाला.

महाग साधनांना पर्याय शोधण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम करताना माँटेसोरी पद्धतीची साधने स्थानिक, स्वस्त वस्तूंपासून तयार केली. चिंचोके, मणी, काड्यांचे दशकगठ्ठे, पाने व बिया यांच्या साहाय्याने मोजणी, वर्गीकरण व स्थानिक किंमत शिकविण्याची पद्धत घरीही सहज वापरता येते.

वाचनसाहित्य

‘किशोर’ हे बालभारतीचे मासिक १९७१ पासून प्रकाशित होत असून त्याचे जुने अंक संकेतस्थळावर वाचण्यास उपलब्ध आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या व्यासपीठावर वाचनपातळीनुसार वर्गीकृत केलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात. मोठ्या मुलांना संदर्भासाठी मराठी विश्वकोश महाजालावर खुला आहे. पालकांसाठी ‘पालकनीती’ व ‘शैक्षणिक संदर्भ’ ही पुण्यातून निघणारी नियतकालिके उपयुक्त आहेत. तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ आणि गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ ही शाळेतील प्रयोगांविषयीची पुस्तके मराठी अनुवादात उपलब्ध असून गृहशिक्षणाचा विचार करणाऱ्या पालकांत ती विशेष वाचली जातात.

दृक्‌श्राव्य साहित्य

केंद्र शासनाच्या दीक्षा या व्यासपीठावरील चित्रफिती व स्वाध्याय पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडद्वारे पाहता येतात. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. मुलांनी घरच्या मंडळींसमवेत घर व परिसरातील वस्तू वापरून कृती कराव्यात, अशी तिची रचना असल्याने ती गृहशिक्षणाच्या पद्धतीशी जुळणारी आहे.

वापराची पद्धत

एका मुलास शिकविताना वर्गाइतके तास लागत नाहीत. प्राथमिक वयात भाषा व गणित यांसाठी रोज ठरावीक थोडा वेळ आणि उर्वरित दिवस वाचन, खेळ, हस्तकला व घरकामातील सहभाग यांसाठी, अशी विभागणी प्रचलित आहे. भाषा व गणित हे क्रमाने चढत जाणारे विषय असल्याने त्यांत खंड पडल्यास पुढचा भाग अडतो. इतिहास, भूगोल व विज्ञान यांतील प्रकरणांचा क्रम मात्र तुलनेने बदलता येतो.

वेगवेगळ्या वयाची भावंडे असल्यास एकच विषय सर्वांनी आपापल्या पातळीवर शिकण्याची पद्धत उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ, पाऊस या विषयात लहान मूल चित्र व गोष्ट करते, मधले मूल पर्जन्यमापक तयार करून रोजची नोंद ठेवते, तर मोठे मूल त्या नोंदींचा आलेख काढून सरासरी काढते.

नोंदी ठेवणे हा वापराचा महत्त्वाचा भाग आहे. वाचलेल्या पुस्तकांची यादी, लेखनाचे दिनांकित नमुने, प्रयोगवही, छायाचित्रे व सोडविलेल्या प्रश्नपत्रिका यांचा संचय वर्षनिहाय ठेवला जातो. मुलाची प्रगती पाहण्यासाठी, तसेच शाळेत वयानुरूप प्रवेश घेताना शिक्षकांना त्याची पातळी समजावी यासाठी तो उपयोगी पडतो. मात्र त्यास प्रमाणपत्राचा दर्जा नसतो.

परीक्षा व प्रमाणपत्र

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था : १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून स्थापन झालेली ही संस्था गृहशिक्षित विद्यार्थ्यांचा सर्वाधिक रूढ मार्ग आहे. माध्यमिक (दहावी) परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. आठवीचे प्रमाणपत्र नसल्यास पुरेशी पूर्वतयारी असल्याचे स्वयंघोषणापत्र देता येते. किमान पाच विषय घ्यावे लागतात. नोंदणी पाच वर्षे वैध असून त्या काळात नऊ संधी मिळतात. त्यामुळे एकेक विषय सोडविता येतो. माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमही आहे. संस्थेचे अध्ययन साहित्य स्वयंअध्ययनासाठी लिहिलेले असते.

राज्य मंडळाची खाजगी परीक्षा : महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेस फॉर्म क्रमांक १७ भरून खाजगीरीत्या बसता येते. ही सोय मुख्यतः शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी आहे. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला मागितला जात असल्याने कधीही शाळेत नाव न नोंदविलेल्या मुलासाठी हा मार्ग अवघड ठरतो.

महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय : राज्य शासनाने २०१७ मध्ये मुक्त विद्यालय मंडळ स्थापन करण्याचा निर्णय घेतला. त्याद्वारे पाचवी व आठवीच्या समकक्ष परीक्षाही देता येतात.

आंतरराष्ट्रीय मंडळे : केंब्रिजच्या परीक्षांना काही केंद्रे खाजगी उमेदवार स्वीकारतात. ही केंद्रे मोठ्या शहरांत असून शुल्क वरील पर्यायांपेक्षा बरेच अधिक असते.

प्रमाणपत्राचे महत्त्व २०१६ मधील एका घटनेतून दिसून आले. सातवीनंतर शाळा सोडून घरी शिकलेल्या मुंबईतील एका विद्यार्थिनीने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळविली होती. बारावीचे प्रमाणपत्र नसल्याने भारतीय प्रौद्योगिकी संस्थांमधील पदवी प्रवेशासाठी ती पात्र नव्हती. चेन्नई गणितीय संस्थेने तिला प्रवेश दिला होता. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने तिला पदवी अभ्यासक्रमास घेतले. असा अपवादात्मक मार्ग बहुसंख्य मुलांसाठी उपलब्ध नसतो.

ग्रामीण भाग : टेंभुर्णीचे उदाहरण

टेंभुर्णी हे जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील गाव आहे. सोलापूर जिल्ह्यातील याच नावाचे गाव वेगळे आहे. मोठ्या शहरांतील पालकगट, विज्ञान केंद्रे व आंतरराष्ट्रीय परीक्षा केंद्रे अशा गावापासून दूर असतात. राज्य मंडळाच्या परीक्षांसाठी जालना जिल्हा छत्रपती संभाजीनगर विभागीय मंडळात येतो. बालभारतीचे भांडारही छत्रपती संभाजीनगर येथे आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे विभागीय केंद्र पुण्यात आहे.

मात्र परिसर हेच अध्ययन साहित्य मानल्यास ग्रामीण भागात उणीव भासत नाही. बालभारतीने तिसरीचे ‘परिसर अभ्यास’ हे पुस्तक जिल्हानिहाय काढले होते. त्यात मुलाची सुरुवात स्वतःच्या जिल्ह्यापासून होते. तालुक्यातून वाहणारी पूर्णा नदी, कापसाची काळी जमीन व तिच्याखालील बेसाल्ट खडक, जालन्याची मोसंबी व बियाणे उद्योग हे भूगोल व विज्ञानाचे विषय आहेत. क्विंटल, हमीभाव, तोलाई व हमाली यांच्या हिशेबातून अपूर्णांक व शेकडेवारी शिकता येते. इतिहासासाठी जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा व लोणारचे उल्कापाती सरोवर ही शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील ठिकाणे, तर समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब हे जालना जिल्ह्यातच आहे. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; त्या काळाच्या आठवणी सांगणाऱ्या कुटुंबांकडून मौखिक इतिहास नोंदविता येतो. पुस्तकांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये अनुदान मिळणारी गावोगावची ग्रंथालये हा आधार आहे.

मर्यादा व टीका

गृहशिक्षणावरील प्रमुख आक्षेप समवयस्कांच्या सहवासाचा अभाव हा आहे. दुसरा आक्षेप असा की, घरी शिकविण्यासाठी शिक्षित व वेळ असलेला पालक लागतो. हे काम बहुधा आईकडे येते व तिच्या अर्थार्जनावर परिणाम होतो. तिसरा आक्षेप बालहक्कांच्या दृष्टीने घेतला जातो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा बालमजुरी व बालविवाह यांपासून संरक्षण देतो. गृहशिक्षणास सरसकट मुभा दिल्यास त्याच्या नावाखाली मुले, विशेषतः मुली, शिक्षणापासून वंचित राहू शकतात. ऊसतोडीसाठी हंगामी स्थलांतर होणाऱ्या मराठवाड्यात हा मुद्दा विशेष गंभीर आहे. शाळेत न जाणारे मूल आणि घरी शिकणारे मूल यांतील फरक दाखविणारी अधिकृत नोंद नसल्यामुळे पालकांनी ठेवलेला अभ्यासक्रम व मुलाच्या कामाच्या नोंदी हाच त्या फरकाचा प्रत्यक्ष पुरावा असतो.

हे सुद्धा पहा

बालभारती
राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९
ताराबाई मोडक
अनुताई वाघ
किशोर (मासिक)