नव्या उपासनेला मंडळी लागते

अँग्लिकन उपासना म्हणजे कधी न बदलणारी उपासना, असा समज इंग्लंडात आहे तसा बाहेरही आहे. इतिहास वेगळे सांगतो. थॉमस क्रॅन्मरने घडवलेले ‘बुक ऑफ कॉमन प्रेयर’ 1549 मध्ये आले आणि तीनच वर्षांत बदलले. मेरी राणीने 1553 मध्ये ते रद्द केले, एलिझाबेथने 1559 मध्ये परत आणले, पार्लमेंटने 1645 मध्ये त्यावर बंदी घातली आणि राजेशाही परतल्यावर 1662 मध्ये ते पुन्हा सुधारून निघाले. आज जिला परंपरा म्हणतात ती अशी शंभरेक वर्षांच्या ओढाताणीतून आली आहे. तेव्हा उपासना बदलावी की नाही, या वादात फारसे हाती लागत नाही. काही बदल मंडळीत रुजतात आणि काही चांगले असूनही कागदावरच राहतात, असे का होते, हे विचारायला हवे. त्याचे उत्तर शोधताना मुंबई धर्मप्रांतातला 1920 च्या दशकातला एक प्रयोग फार उपयोगी पडतो.

मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत 1837 मध्ये स्थापन झाला. कायद्याने तो चर्च ऑफ इंग्लंडचाच भाग होता, त्यामुळे 1662 चे पुस्तक इथेही बंधनकारक होते. एकोणिसाव्या शतकात त्याचे मराठी भाषांतर झाले. पण भाषा बदलली तरी सांगाडा तोच राहिला. या पुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीत आधी दहा आज्ञा येतात, त्यानंतर लगेच राजासाठी प्रार्थना, आणि मग त्या दिवसाची प्रार्थना. अहमदनगरच्या बाजूच्या खेड्यातल्या मंडळीलाही याच क्रमाने जावे लागे. त्याच मुलखात उपासनेचा दुसरा एक प्रवाह वाढत होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली होती आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने, अभंग घरोघर गेले. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे अँग्लिकन नव्हेत. पण गाणे कोणत्या मिशनचे हे गाणारा पाहत नाही. पुस्तकातली उपासना साहेबाच्या क्रमाने आणि गळ्यातली उपासना वारकऱ्यांच्या चालीवर, असे दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते.

हे अंतर जॅक विन्स्लो या अँग्लिकन मिशनऱ्याला खटकले. ‘द युकॅरिस्ट इन इंडिया’ या 1920 च्या पुस्तकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भारतीय चर्चला स्वतःचा उपासनाविधी हवा, असे मांडले. त्या सहकाऱ्यांत ई. सी. रॅटक्लिफ होता, उपासनाविधींचा हा अभ्यासक पुढे केंब्रिजमध्ये प्राध्यापक झाला. मुंबईचे बिशप एडविन पामर यांनी प्रयोगाला पाठबळ दिले आणि 1923 च्या सुमारास जो विधी तयार झाला तो ‘बॉम्बे लिटर्जी’ म्हणून ओळखला जातो. त्यासाठी आधार घेतला तो संत याकोबाच्या नावाने चालणाऱ्या प्राचीन पौर्वात्य विधीचा, म्हणजे केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांत टिकून राहिलेल्या परंपरेचा. धूप, डीकनने सांगितलेल्या लांब प्रार्थना, त्यांना मंडळीचे वारंवार प्रतिसाद आणि भाकर व द्राक्षारसावर पवित्र आत्म्याला केलेले आवाहन ही त्याची वैशिष्ट्ये. रचना म्हणून ती सुंदर होती, तिच्यामागचा अभ्यास पक्का होता आणि बिशपांची मान्यताही होती. तरीही ती मोजक्या ठिकाणांपलीकडे गेली नाही.

माझ्या मते याचे कारण असे की भारतीयपणाचा शोध ग्रंथांतून घेतला गेला. केरळ भारतातच असले तरी घोड नदीच्या काठच्या माणसाला मलबारची सिरियन परंपरा लंडनइतकीच परकी. जी मंडळी रविवारी संध्याकाळी टाळ-मृदंग घेऊन दोन तास भजन करत होती, तिला मंडळी म्हणून काय ठाऊक आहे, हा प्रश्न विधीच्या घडणीत मध्यभागी आलाच नाही. यावर कोणी म्हणेल की हे विन्स्लोवर अन्यायाचे आहे. त्याने टिळकांचे चरित्र लिहिले, 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, पुढे पुण्यात आश्रम उभारला, खादी आणि भजन दोन्ही स्वीकारले. हे सगळे खरे आहे. पण आश्रमात माणसे निवड करून येतात, गावच्या चर्चमध्ये जन्माने येतात. आश्रमात चालले ते गावात चालेलच असे नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीतले पुष्कळ जण महार आणि मांग समाजातून आलेले होते. ज्या धार्मिक वातावरणाने त्यांना दाराबाहेर ठेवले त्याच्या खुणा चर्चमध्ये आणल्या तर त्यांना ते परत जाण्यासारखे का वाटू नये? हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्यातून इंग्रजी क्रमाचा बचाव होत नाही. त्यातून एवढेच कळते की कोणती खूण आपली आणि कोणती परकी हे ठरवण्याचा अधिकार मंडळीचा आहे, मिशनऱ्याचा नाही.

याच्या शेजारी दक्षिण भारतातले उदाहरण ठेवून पाहावे. अँग्लिकन, मेथॉडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्या एकत्र येऊन 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झाले. नवा प्रभुभोजन विधी जानेवारी 1950 मध्ये मदुराईच्या सिनॉडमध्ये प्रथम वापरला गेला. तोही समितीनेच लिहिलेला होता आणि सिरियन परंपरेकडून त्यानेही उसने घेतले. पण घेतले ते काय? शांतीची देवाणघेवाण. एकाने आपला उजवा तळवा दुसऱ्याच्या उजव्या तळव्याला टेकवायचा आणि दोघांनी डाव्या हाताने समोरच्याचा उजवा हात झाकायचा. मग ती शांती हातोहात मागच्या बाकापर्यंत जाते. त्याला पुस्तक लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. शिवाय हा विधी सक्तीचा नव्हता, जुने विधी चालू ठेवायला मोकळीक होती. पुढे इंग्लंडच्या 1980 च्या नव्या प्रार्थनापुस्तकात शांतीची देवाणघेवाण आली, त्यामागे या विधीचा प्रभाव मानला जातो.

तरीही एक शंका उरते. लोकांनाच विचारायचे तर ते पाठ असलेले सोडणार नाहीत, मग नूतनीकरण होणार कसे? 1549 मध्ये कॉर्नवॉल आणि डेव्हनच्या लोकांनी नव्या पुस्तकाविरुद्ध उठाव केला. कॉर्नवॉलच्या कित्येकांना इंग्रजी येतच नव्हते, आणि उठाव मोडताना हजारो माणसे मारली गेली. पण लोक बदलाला नेहमीच विरोध करतात असे नाही. चर्च ऑफ इंग्लंडने सुधारलेले प्रार्थनापुस्तक ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने डिसेंबर 1927 मध्ये 238 विरुद्ध 205 आणि जून 1928 मध्ये 266 विरुद्ध 220 मतांनी फेटाळले. तरीही त्यातला विवाहविधी इंग्लंडभर वापरात आला, कारण नवऱ्याची आज्ञा पाळण्याचे वचन त्यातल्या वधूला द्यावे लागत नव्हते. मुंबईच्या विधीला परवानगी होती, पण मागणी नव्हती. या विवाहविधीला कायद्याची परवानगी नव्हती, पण मागणी होती. मागणी ओळखायची तर मंडळी आधीच काय गाते, कुठे अडखळते, काय गाळते हे पाहावे लागते. मुंबईतल्या अभ्यासकांनी प्राचीन चर्च जितके बारकाईने वाचले तितके समोरचे वाचले असते, तर नव्या विधीची सुरुवात त्यांना टिळकांच्या अभंगात सापडली असती.