समुद्री टाकीत कॅल्शियम आणि अल्कलिनिटी कशी सांभाळायची?
नाशिक समुद्रापासून दूर, त्यामुळे इथल्या समुद्री टाकीचे पाणी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ मिसळून तयार करावे लागते. प्रवाळांचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. तो वाढताना पाण्यातले कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) दोन्ही घटतात: अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरली, तर कॅल्शियम सुमारे २० पीपीएमने.

कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम आणि अल्कलिनिटी ८ ते ११ डीकेएच ठेवावी. कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा वेगवेगळ्या वेळी, थोडाथोडा घालावा. एकत्र पडल्यास पांढरा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

टणक प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या समुद्रातून त्यांचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे.