हवेतला उरलेला बुडबुडा

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांचा वायू पाहिला. त्याला रूप नाही, तो स्पर्शाने कळतो, आणि ते एक स्वतंत्र द्रव्य आहे. आज मात्र शाळेतलं पोरही सांगेल की हवा हे मिश्रण आहे. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१ टक्के. बेरीज झाली ९९. मग उरलेल्या एका टक्क्याचं काय?

हेन्री कॅव्हेंडिश हा लंडनमधला अबोल, एकलकोंडा माणूस. १७८५ साली त्याने काचेच्या नळीतल्या हवेत जादा ऑक्सिजन घालून विजेच्या ठिणग्या पाडल्या. ठिणगीने नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग व्हायचा आणि तयार झालेला वायू अल्कलीच्या द्रावणात शोषला जायचा. शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला. तरी एक बारीक बुडबुडा राहिलाच! तो नायट्रोजनच्या १/१२० हून जास्त नाही, अशी नोंद त्याने केली. पुढे शंभर वर्षं त्या नोंदीकडे कुणी फारसं पाहिलं नाही.

मग आले लॉर्ड रॅले. ते वायूंची वजनं अचूक मोजत होते. हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरे, आणि रसायनांपासून केलेला १.२५१. फरक अर्धा टक्का. दुसरा कुणी असता तर ‘मोजमापातली चूक’ म्हणून मोकळा झाला असता. रॅलेंनी पुन्हा पुन्हा मोजलं, फरक जाईना. विल्यम रॅम्झींनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून नेऊन शोषवला. उरला तो नवाच वायू. १८९४ साली दोघांनी तो जाहीर केला. कशाशीच संयोग पावत नाही म्हणून नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीक भाषेत ‘आळशी’. मेंडेलीव्हच्या तक्त्यात त्याला जागाच नव्हती. अखेर तक्त्यातच नवा स्तंभ घालावा लागला.

आता यातला तत्त्वज्ञानाचा प्रश्न बघा. उरलेली बाकी चूक म्हणून टाकायची की वस्तुस्थिती म्हणून जपायची, हे कशावरून ठरवायचं? ती किती लहान आहे यावरून नाही. पुन्हा मोजल्यावर ती टिकते का, यावरून. हवेतला कार्बन डायऑक्साइड तर आर्गॉनच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास, जेमतेम ०.०४ टक्के. पण पृथ्वीची उष्णता आर्गॉन अडवत नाही, तो अडवतो. त्याचा इतिहास पुढच्या व्याख्यानात.