एका संगणकावर दोन अँटिव्हायरस का नकोत? संघर्षाची कारणे आणि तो टाळण्याची रीत

संगणकाला विषाणूंचा उपद्रव होऊ नये म्हणून एकाऐवजी दोन अँटिव्हायरस बसविले तर संरक्षण दुप्पट होईल, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकाच संगणकावर एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. परिणामी संगणक मंदावतो, फाइली उघडेनाशा होतात आणि काही वेळा धोका समोर असूनही तो रोखला जात नाही. म्हणूनच अँटिव्हायरस तयार करणाऱ्या कंपन्या आपले उत्पादन बसविण्यापूर्वी दुसरे काढून टाकण्याची सूचना देतात.

या क्षेत्रात महाराष्ट्राचे स्थान महत्त्वाचे आहे. कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी पुण्यात संगणक दुरुस्तीच्या व्यवसायातून अँटिव्हायरसची निर्मिती सुरू केली. १९९५ मध्ये 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने नोंदणी झालेली त्यांची कंपनी २००७ मध्ये 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झाली आणि २०१६ मध्ये शेअर बाजारात दाखल झाली. एकाच संगणकावर अनेक अँटिव्हायरस असल्यास यंत्रणेत बिघाड होऊ शकतो, असा इशारा या कंपनीच्या वापर पुस्तिकेतही दिलेला आहे.

संघर्ष का होतो?

अँटिव्हायरसचे काम दोन प्रकारे चालते. पहिला प्रकार सतत चालणाऱ्या तपासणीचा. कोणतीही फाइल उघडताना किंवा साठवताना ती आधी तपासली जाते आणि मगच वापरकर्त्याच्या हाती येते. दुसरा प्रकार मागणीनुसार तपासणीचा. वापरकर्त्याने आज्ञा दिली की संगणक तपासायचा आणि काम संपले की थांबायचे. संघर्ष प्रामुख्याने पहिल्या प्रकारात उद्भवतो.

सतत तपासणीसाठी अँटिव्हायरस कार्यप्रणालीच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, आपला चालक घटक बसवितो. विंडोजमध्ये अशा घटकांना क्रमाने जागा नेमून दिलेली असते. अँटिव्हायरससाठी ३२०००० ते ३२९९९९ हा क्रमांकपट्टा राखीव आहे. एकाच पट्ट्यात दोन कंपन्यांचे घटक आले की प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते. पहिल्याने तपासणीसाठी उघडलेली फाइल दुसऱ्याला नवी हालचाल वाटते आणि तोही तिची तपासणी सुरू करतो. दोघेही एकमेकांची वाट पाहत राहिले तर संगणक गोठतो.

दुसरी अडचण संशयित फाइलीच्या ताब्याची असते. एकाने विषाणू असलेली फाइल विलगीकरण कक्षात हलविली आणि त्याच क्षणी दुसऱ्यानेही ती धरून ठेवली, तर ती काढून टाकण्याचे काम अर्धवट राहू शकते. एका अँटिव्हायरसने बंदिस्त केलेल्या फाइली किंवा त्याची विषाणूंच्या खुणांची नोंदवही दुसऱ्याला धोकादायक वाटण्याचीही शक्यता असते. शिवाय दोन्ही कार्यक्रम सुरक्षित संकेतस्थळांवरील माहिती तपासण्यासाठी मध्ये आपापले प्रमाणपत्र घालू लागले, तर बँकेचे किंवा शासकीय संकेतस्थळ उघडताना त्रुटीचा संदेश दिसू शकतो.

गाभ्यातील एक चूक किती महाग पडते?

अँटिव्हायरसचा वावर कार्यप्रणालीच्या गाभ्यात असल्याने तेथील लहान चूकही संपूर्ण संगणक बंद पाडू शकते. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधील 'मेल्टडाउन' दोषावरील दुरुस्ती प्रसृत करताना मायक्रोसॉफ्टला याचा अनुभव आला. काही अँटिव्हायरस कर्नेलच्या स्मृतीत मान्य नसलेल्या मार्गाने हस्तक्षेप करीत असल्याने दुरुस्तीनंतर संगणक निळ्या पडद्यावर अडकत होते. त्यामुळे अँटिव्हायरस सुसंगत असल्याची खूण ज्या संगणकावर होती, त्यालाच ती दुरुस्ती देण्यात आली.

१९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या कंपनीच्या एका सदोष अद्यतनामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती घटना दोन अँटिव्हायरसच्या संघर्षाची नव्हती. मात्र गाभ्यात काम करणाऱ्या एकाच सुरक्षा कार्यक्रमाची चूक किती व्यापक ठरते, हे त्यातून स्पष्ट झाले. तेथे दोन कार्यक्रम ठेवणे म्हणजे बिघाडाची शक्यता वाढविणे होय.

विंडोजमधील अंगभूत व्यवस्था

विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर' हा अँटिव्हायरस मुळातच असतो. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस बसवून त्याची 'विंडोज सिक्युरिटी'कडे नोंद झाली की डिफेंडरची सतत तपासणी आपोआप थांबते. तो काढला की डिफेंडर पुन्हा कार्यरत होतो. त्यामुळे या दोहोंत सहसा संघर्ष होत नाही. विंडोज सर्व्हरवर मात्र डिफेंडर आपोआप बाजूला होत नाही. तेथे व्यवस्थापकाने स्वतः ती मांडणी करावी लागते. कार्यालये, सहकारी संस्था आणि महाविद्यालयांच्या सर्व्हरवर हा फरक अनेकदा दुर्लक्षित राहतो.

एक अँटिव्हायरस काढून दुसरा कसा बसवावा?

१. 'विंडोज सिक्युरिटी' उघडून 'सेटिंग्ज'मधील 'मॅनेज प्रोव्हायडर्स' येथे कोणते अँटिव्हायरस नोंदलेले आहेत ते पाहावे. नव्या लॅपटॉपसोबत आलेली चाचणी आवृत्तीही तेथे आढळू शकते. मुदत संपली तरी असा कार्यक्रम स्वतःहून निघून जात नाही.

२. महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाह्य डिस्कवर घ्यावी आणि जुन्या अँटिव्हायरसचा परवाना क्रमांक लिहून ठेवावा.

३. नव्या अँटिव्हायरसची फाइल संबंधित कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्यावी. त्यानंतर इंटरनेट जोडणी तात्पुरती बंद करावी.

४. 'इन्स्टॉल्ड अॅप्स'मधून जुना अँटिव्हायरस काढावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. त्याचे फोल्डर हाताने पुसून टाकू नये. तसे केल्यास चालक घटक मागे राहतात.

५. अवशेष उरल्यास त्या कंपनीचे स्वतंत्र निष्कासन साधन वापरावे. मॅकॅफी, नॉर्टन, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट आदी कंपन्या अशी साधने उपलब्ध करून देतात.

६. नवा अँटिव्हायरस बसवून इंटरनेट जोडावे, तो अद्ययावत करावा आणि संपूर्ण संगणकाची एकदा तपासणी करावी.

पहारा सुरू आहे की नाही, हे पाहण्यासाठी 'आयकार' ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल वापरली जाते. अँटिव्हायरसने ती अडविली तर सतत तपासणी चालू असल्याचे समजते.

दुसरे मत हवे असल्यास

आपल्या अँटिव्हायरसच्या नजरेतून काही सुटले असावे, अशी शंका आल्यास मागणीनुसार तपासणारे साधन वापरणे योग्य ठरते. मायक्रोसॉफ्टचे 'सेफ्टी स्कॅनर' हे असेच साधन असून उतरवून घेतल्यानंतर ते १० दिवसच चालते. 'सर्ट-इन' या शासकीय संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावरही भारतीय कंपन्यांच्या सहकार्याने विषाणू काढण्याची मोफत साधने ठेवण्यात आली आहेत. अशी साधने सतत पहारा देत नसल्याने मूळ अँटिव्हायरसशी त्यांचा सहसा संघर्ष होत नाही. मात्र दोन तपासण्या एकाच वेळी सुरू करू नयेत. काही मोफत साधनांची सशुल्क आवृत्ती सतत पहारा देते, ही बाबही खरेदीपूर्वी तपासून घ्यावी.

सामायिक संगणकांवर अधिक दक्षता

पुण्यातील झेरॉक्सचे दुकान असो किंवा वाराणसीत पेशव्यांच्या वास्तव्याशी नाते सांगणाऱ्या राजा घाटाच्या परिसरातील तिकीट आरक्षणाचे केंद्र, एकच संगणक अनेकांच्या पेनड्राइव्हना सामोरा जातो. ग्राहकांची आधार कार्डे आणि बँकेचे तपशील त्यावरून हाताळले जातात. वेगवेगळ्या दुरुस्ती कारागिरांनी वेळोवेळी बसविलेले अँटिव्हायरस अशा ठिकाणी साचत जातात. कोणता अँटिव्हायरस चालू आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि तो शेवटचा केव्हा अद्ययावत झाला, याची लेखी नोंद मालकाने ठेवणे हिताचे ठरते.

दुसरा अँटिव्हायरस हा कार्यप्रणालीच्या अद्यतनांना पर्याय ठरत नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने ज्या दोषाचा फायदा घेतला, त्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. विंडोज १० चे नियमित साहाय्यही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. एक विश्वासार्ह अँटिव्हायरस, अद्ययावत कार्यप्रणाली आणि संगणकापासून वेगळी ठेवलेली फाइलींची प्रत ही व्यवस्था दोन अँटिव्हायरसपेक्षा अधिक भरवशाची आहे. ऑनलाइन आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.