बर्फावरील टपालवाला

ऐन वैशाखात आम्ही बर्फाची गोष्ट सांगतो याचे श्रोत्यांना नवल वाटेल. पण गोष्ट बर्फाची असली, तरी प्रश्न मजुरीचा आहे.

अमेरिकेत, कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांच्या सीमेवर टाहो हे विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या नैर्ऋत्येस टॅलॅक शिखर ९,७३५ फुटांपर्यंत चढले आहे. हौशी मंडळी आज स्की म्हणजे लांब फळ्या पायांना बांधून ते चढतात. फळीच्या तळाला लावलेल्या पट्टीची लव मागे झुकलेली असते. म्हणून फळी पुढे सरकते, मागे घसरत नाही. माथ्यावर पट्ट्या काढायच्या आणि सरोवराकडे घसरत उतरायचे! आज हा छंद आहे. शंभरावर वर्षांपूर्वी याच सरोवराच्या दक्षिणेकडील डोंगरांत ते एका माणसाचे काम होते.

जॉन टॉमसन १८२७ साली नॉर्वेतील टेलेमार्क भागात जन्मला आणि लहानपणीच अमेरिकेत आला. हिवाळ्यात डोंगर बंद झाला की पलीकडच्या वस्त्यांचे टपाल अडून राही. १८५६ च्या जानेवारीत टॉमसनने स्वतः घडवलेल्या ओकच्या फळ्या पायांना बांधल्या, हातात एक काठी घेतली आणि प्लेसरव्हिल ते जेनोआ ही सुमारे नव्वद मैलांची वाट धरली. जाताना तीन दिवस लागत, परतताना दोन. पाठीवर टपालाचे ओझे एवढे असे की, तो पांघरूणसुद्धा घेत नसे. त्याच वर्षी डिसेंबरात एका झोपडीत पाय गोठलेला माणूस त्याला आढळला. त्याने जेनोआहून माणसे आणून त्याला हलवले. शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म हवा म्हणताच तो पुन्हा डोंगर ओलांडून गेला.

असे जवळजवळ वीस हिवाळे गेले. १८६९ मध्ये नेवाडाच्या विधिमंडळाने त्याला ६,००० डॉलर द्यावेत अशी काँग्रेसला विनंती केली. टॉमसन स्वतः वॉशिंग्टनला जाऊन आला. आश्वासने मिळाली, पैसे मिळाले नाहीत. १८७६ साली तो वारला. जेनोआतील त्याच्या थडग्याच्या दगडावर फळ्यांची जोडी कोरलेली आहे.

वर्षानुवर्षे राबून हातात हजेरीचा कागदही नसलेली माणसे आमच्या कचेरीत येतात, तेव्हा आम्हाला टॉमसन आठवतो. त्याचे कौतुक सर्वांनी केले. पण कौतुक म्हणजे पगार नव्हे. एकट्याचे धाडस डोंगर ओलांडून गेले, एकट्याची मागणी मात्र दारातच अडली. त्याच्या स्मृतीला वंदन करताना एवढा धडा आपण घ्यावा, असे आम्हांस वाटते.