घाटापलीकडचा तळ : मुंबईच्या पर्यायी विमानतळांचा इतिहास

नियोजित ठिकाणी उतरणे अशक्य झाल्यास विमानाने ज्या दुसऱ्या ठिकाणी जावयाचे, त्याला हवाई वाहतुकीच्या परिभाषेत पर्यायी विमानतळ म्हणतात, आणि त्याचे नाव विमान सुटण्यापूर्वीच उड्डाणाच्या आराखड्यात लिहिलेले असावे लागते. मुंबईचे विमान अहमदाबादला किंवा हैदराबादला उतरले की आत बसलेल्या प्रवाशाला तो ऐनवेळचा निर्णय वाटतो. वस्तुतः त्या शक्यतेचा हिशेब निघण्यापूर्वीच झालेला असतो आणि तिच्यापुरते इंधनही टाकीत भरलेले असते. मुंबईच्या बाबतीत या व्यवस्थेचा इतिहास हवाई टपालाच्या पहिल्या वर्षांपर्यंत मागे जातो. तिचा आरंभ आकाशात ऐनवेळी वळवलेल्या विमानांपासून झाला नाही. दर पावसाळ्यात सगळा तळच उचलून घाटावर नेण्याच्या रिवाजातून तो झाला.

जुहूचे विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाले आणि देशातील नागरी विमानतळांत ते पहिले मानले जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक इंजिनाचे विमान कराचीच्या द्रिघ रोड तळावरून उडवले आणि अहमदाबादमार्गे ते जुहूला आणले. इंग्लंडहून इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत आलेले टपाल दक्षिणेकडे नेण्याची ही सेवा होती, आणि तिचा मुंबईपुढचा, बल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा टप्पा टाटांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी पार पाडला. त्या दिवशी अहमदाबादला इंधन भरण्यासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणले गेले, ही गोष्ट त्या काळातील विमानतळ म्हणजे नेमके काय होते याची पुरेशी कल्पना देते. जमिनीवर दिशादर्शनाची साधने नव्हती, विमानात बिनतारी यंत्र नव्हते, आणि वैमानिकाचा सारा भरवसा नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणाऱ्या नद्या व रूळ यांच्यावर होता.

हे जुहू वर्षातले आठच महिने उपयोगाचे होते. समुद्रालगतच्या खाजणातील ही सखल जमीन भरतीच्या पातळीहूनही खाली असल्याने पावसाळा लागला की तेथे चिखल आणि पाणी याखेरीज काही उरत नसे, आणि टपालसेवा तर बारमाही चालवण्याच्या बोलीवर घेतलेली होती. टाटांच्या हवाई विभागाने त्यावर काढलेला तोडगा सरळ होता: दोन छोटी विमाने आणि मूठभर माणसे एवढाच पसारा असलेली ही संस्था पावसाळ्यापुरती पुण्याला जाई आणि येरवड्याच्या तुरुंगाखालच्या मैदानावरून काम पाही. ज्या तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला, त्याच्याच पायथ्याशी पुढच्या पावसाळ्यात विलायतेच्या पत्रांच्या थैल्या उतरू लागल्या, हा योगायोग इतिहासाच्या पुस्तकांनी फारसा टिपलेला नाही. घाटाच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा प्रदेश, म्हणजे डोंगराने पाऊस अडवल्यामुळे तुलनेने कोरडा राहणारा पट्टा सुरू होतो, त्यामुळे जुहू पाण्याखाली असतानाही पुण्याची जमीन चाके पेलू शके. शिवाय मुंबई-पुणे लोहमार्गाचे विद्युतीकरण नुकतेच झालेले होते आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणीही धावू लागली होती. तळ घाटावर गेला म्हणून मुंबई तुटली, असे होण्याचे कारण उरले नव्हते. सह्याद्रीवरील ढगांतून वाट काढावी लागत असूनही भर पावसाळ्यात या सेवेने वेळ पाळली, याची सरकारच्या नागरी हवाई खात्यानेही प्रशंसेने नोंद घेतली.

या काळात ‘पर्याय’ ही गोष्ट अत्यंत स्वस्त होती. पस मॉथचे भरलेले वजन एक टनाहूनही कमी असे, त्यामुळे ढग खाली आले किंवा इंजिन कुरकुरू लागले तर एखादे माळरान, घोडदौडीचे मैदान किंवा कापणी झालेले शेत यांपैकी काहीही वैमानिकाला पुरत असे. पुढच्या चार दशकांत विमाने मोठी, वेगवान आणि सुरक्षित होत गेली, परंतु त्याच प्रमाणात त्यांना उतरता येईल अशा जागा कमी होत गेल्या. १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात आलेल्या बोइंग ७४७ चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन साडेतीनशे टनांहून अधिक होते, आणि अशा विमानाला लागणारी लांब व भक्कम धावपट्टी देशात मोजक्याच ठिकाणी होती. पर्यायी विमानतळाचा पुढचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

दुसऱ्या महायुद्धात सांताक्रूझ येथील मोठा तळ ब्रिटिश हवाई दलाच्या ताब्यात होता आणि युद्धानंतर मुंबईची नागरी वाहतूक जुहूहून तेथे हलली; ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा या नव्या पर्वाची द्वाही फिरली. पक्क्या, लांब धावपट्ट्यांमुळे पावसाळी स्थलांतराची गरज संपली. जुहू मात्र बंद झाले नाही. अवघ्या काही किलोमीटरांवर, समुद्राच्या बाजूला, जवळजवळ त्याच दिशेची धावपट्टी घेऊन ते तसेच राहिले, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वैमानिकाला आधी तेच दिसू लागले. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते सुखरूप थांबले, परंतु तेथून पुन्हा उडवून नेण्यास सुमारे नऊ दिवस लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनहून टोकियोकडे निघालेले जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमान त्याच भ्रमाने जुहूला उतरले आणि धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले. जीवितहानी झाली नाही, पण विमान निकामी झाले. जुहूच्या मोठ्या धावपट्टीची लांबी सुमारे ११४० मीटर आहे, हे लक्षात घेतले तर पहिल्या प्रसंगातील सुटकाच अधिक आश्चर्याची वाटते. जवळ असणे हा पर्यायी विमानतळाचा गुण असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे; जुहूने ती दोनदा खोटी पाडली.

दरम्यान या विषयाला आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट मिळाली होती. १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना उभी राहिली, आणि विमानांच्या परिचालनाचे नियम सांगणारे त्या कराराचे सहावे परिशिष्ट डिसेंबर १९४८ मध्ये स्वीकारले गेले. त्याच्या आजच्या रूपानुसार विमानातील इंधनाचे अनेक वाटे पडतात: जमिनीवर चालण्यापुरते, मुक्कामापर्यंतचे, अनपेक्षित खर्चासाठी सामान्यतः प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, मुक्कामावरून पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि तेथे पोहोचल्यावर १५०० फुटांवर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे अखेरचे राखीव. पिस्टन इंजिनांच्या विमानांसाठी हे राखीव ४५ मिनिटांचे असते. ते वापरावे लागेल अशी स्थिती येणे हीच आणीबाणी समजली जाते, म्हणून मुंबईवर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला आणखी किती वेळ थांबता येईल हे त्याच्या धीरावर नव्हे, तर या वजाबाकीवर ठरते. जादा इंधन भरून घेणे हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. त्या इंधनाचेही वजन असते आणि ते वाहून नेण्यातच त्याचा काही भाग जळतो. तरीही पावसाळ्यात मुंबईकडे येताना थोडे अधिक इंधन घेण्याची पद्धत आहे, आणि तिचा खर्च मुकाट्याने सोसला जातो.

या हिशेबात पुणे मागे पडले. मुंबईपासून हवाई मार्गाने सव्वाशे किलोमीटरांच्या आत असलेले आणि हवामानाने वेगळे असलेले हे शहर कागदावर आदर्श पर्याय ठरते. परंतु १९३९ पासूनचा लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, त्याची धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरांची आहे, आणि नागरी विमाने उभी करण्याची जागा मुळात तोकडी असल्याने मुंबईकडची पाच-दहा विमाने एकदम आली तर ती ठेवायची कोठे, हा प्रश्न उरतो. दाबोळीचा तळ नौदलाचा असल्याने गोव्याचीही अडचण बराच काळ याच जातीची होती. २०२३ च्या जानेवारीत मोपा येथून वाहतूक सुरू झाल्यावर ती काहीशी सैल झाली. त्यामुळे मुंबईचे पर्याय दूर सरकत गेले: अहमदाबाद सुमारे साडेचारशे किलोमीटरांवर, हैदराबाद सहाशेच्या पुढे, नागपूर सातशेच्या घरात. यांपैकी नागपूरला अपरात्री उतरणाऱ्या विमानांची सवय जुनी आहे, कारण १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री तेथेच एकत्र येऊन थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत.

सांताक्रूझचे खरे दुखणे पावसाइतकेच त्याच्या रचनेतही आहे. सुमारे ३.४ आणि २.९ किलोमीटर लांबीच्या त्याच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि व्यवहारात ते एका धावपट्टीचेच विमानतळ ठरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिले. अशा वेळी पर्यायाचा विचार काही मिनिटांपुरता नसतो, सारी वाहतूकच अन्यत्र हलवावी लागते. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले एक बोइंग ७३७ मुख्य धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन रुतले. चिखलातून ते बाहेर काढेपर्यंत अनेक दिवस मुख्य धावपट्टी बंद होती, आणि दुसरी चालू असूनही अनेक विमाने अन्यत्र पाठवावी लागली.

वळवलेल्या विमानातील प्रवाशाच्या वाट्याला जे येते, त्याची कारणे बहुधा जमिनीवरची असतात. आंतरराष्ट्रीय विमान जेथे उतरते तेथे त्या वेळी सीमाशुल्क व पारपत्र तपासणीची सोय नसेल, तर दरवाजे उघडूनही कोणाला खाली सोडता येत नाही. मोठ्या विमानाच्या उंचीची शिडी उपलब्ध नसेल तर देशांतर्गत प्रवाशांचीही तीच गत होते. हवामान निवळेपर्यंत वैमानिकांच्या कामाच्या तासांची मर्यादा संपली तर दुसरे वैमानिक येईपर्यंत विमान हलत नाही, आणि ते दुसरे वैमानिक बहुधा मुंबईतच अडकलेले असतात. भारतात २०१० पासून लागू असलेल्या प्रवासी-हक्क नियमांत विलंब व रद्द उड्डाणांबद्दलच्या तरतुदी आहेत, परंतु कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या परिस्थितीत, ज्यात हवामान मोडते, रोख भरपाईची सक्ती नाही. नियम अन्याय्य म्हणता येणार नाही, तरी सहा तास खुर्चीत बसलेल्या माणसाला तो तसा वाटल्यास नवल नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन झाले आणि डिसेंबरमध्ये तेथून वाहतूक सुरू झाली. उलवे टेकडी कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि खाजणाची जमीन भराव घालून उंच करून ते बांधले गेले. आराखड्यात समांतर आणि परस्परांपासून दूर असलेल्या दोन धावपट्ट्या आहेत, त्यांपैकी एक पहिल्या टप्प्यात वापरात आली. सांताक्रूझची धावपट्टी एखाद्या रुतलेल्या विमानाने अडवली, तर आता प्रवाशाला खाडी ओलांडून घरी जाता येईल एवढ्या अंतरावर उतरवता येईल, आणि एका शहराच्या दोन विमानतळांमध्ये उड्डाणे हलवण्याचा लंडन-न्यूयॉर्कसारख्या शहरांचा अनुभव मुंबईलाही येऊ लागेल. पावसाच्या बाबतीत मात्र हा शेजार फारसा कामाचा नाही, कारण कोकणपट्टीवर चढून आलेला ढगांचा थर सांताक्रूझ आणि उलवे यांच्यात भेद करीत नाही. तशा रात्री उड्डाणाच्या आराखड्यात अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूर यांपैकी एखादे नाव लिहावेच लागणार.